लेखणीची दातखीळ

(अमरावतीत तरुण लिहित्या मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडं सावरून.)



विषय देताना तुमच्या पोरांनी मला सांगितलं, लिहिता लिहिता हात अडला तर काय करावं यावर बोला. मी म्हटलं, अरे, ज्यानं अकरा वर्षं एक धड ओळ लिहिली नाही त्याला हे विचारता? पोरं म्हणाली, म्हणूनच. मला ते पटलं. विहिरीची खोली आत पडलेल्यालाच ठाऊक असते. काठावरचे नुसते दगड टाकून आवाज ऐकत बसतात.

प्रस्थापितांच्या साहित्यात या दुखण्याला मोठी लाडाची नावं आहेत. प्रतिभा रुसली. मूड लागत नाही. मग हवापालट, मग डोंगरावरचा बंगला, मग त्या बंगल्यावर एक ललित लेख. आमची माय जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत दिवसभर उभी राहायची, तिनं कधी म्हटलं नाही की आज मूड नाही. म्हणून तरुणपणी मी व्यासपीठावरून ठोकून द्यायचो : हे पांढरपेशांचं दुखणं आहे, आपल्याला ते होत नाही, आपल्याजवळ सांगायला एवढं आहे की कागद पुरणार नाही! टाळ्या पडायच्या. आणि घरी माझा कागद कोरा.

दुसरी एक सबब आपल्याकडे चालते. जागा नाही, टेबल नाही, एका खोलीत आठ माणसं. ही सबब खोटी नाही. कितीतरी पुस्तकं अशा खोल्यांतच मेली असतील. पण मी माझ्यापुरतं खरं सांगतो. टेबल नव्हतं तेव्हा मी ढिगानं लिहिलं. अकोल्याला, वस्तीत, सावतराम मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरात, पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून. पगार सुरू झाला, भाड्याची खोली झाली, टेबल आलं, टेबलावर दिवा आला, आणि लिहिणं गेलं. तेव्हा दोष टेबलाचा नव्हता. माझी मानगूट दुसऱ्याच कुणीतरी धरली होती. एकानं नाही, दोघांनी.

पहिला सांगतो. साल १९७४. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी मुंबईत दलित पँथर निघाली होती आणि तिची डरकाळी रेल्वेच्या रुळावरून वऱ्हाडात पोचली होती. आम्ही सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो. बोटं काळी व्हायची, आणि त्या काळ्या बोटांचा आम्हाला भारी अभिमान. त्या साली आमच्याच अकोला जिल्ह्यात, धाकली गावी, गवई बंधूंचे डोळे काढले गेले. घरच्या मुलीवर झालेल्या अन्यायाचा जाब विचारला, एवढा त्यांचा गुन्हा. पँथरनं ते प्रकरण मुंबईपर्यंत नेलं, वेशीवर टांगलं. तुमच्यातल्या किती जणांना धाकली माहीत आहे? हात वर करा. ... बरं. खाली घ्या.

बातमी आली त्या रात्री मी लिहायला बसलो. 'डोळे' हा शब्द लिहिला. पुढे? पुढे सूर्य आला. मग ज्वालामुखी आला. मग मशाल, वणवा, निखारे, रक्ताचा समुद्र, सगळी पलटण आली. दीड पान झालं. आठवड्यानं एका सभेत वाचलं तर लोक उठून उभे राहिले. मी हवेत. घरी आलो. माय म्हणाली, वाच बरं काय वाचलं ते. मी वाचलं. ती चुलीपाशी भाकर थापता थापता ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "ज्याइचे डोये काढले ते भाऊ आता जेवतात कसे रे? घास कोन देते त्याइले?"

माझ्या दीड पानात हे कुठंच नव्हतं. मी धाकलीला गेलोच नव्हतो. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, एसटीत बसून जाता आलं असतं. मी गेलो नाही, कारण कविता झाली होती. दोन माणसांचे गेलेले डोळे मी माझी ओळ उजळायला वापरले होते. हे मला त्या रात्रीच कळलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री मी मायवर चिडलो. म्हटलं, तुले कविता कयत नाही. पण त्यानंतर कागदावर 'सूर्य' लिहिला की मला भाकर दिसायची, आणि हात थांबायचा. तरी दोन-चार वर्षं मी तशाच आणखी कविता पाडल्या. सभेला लागायच्या. मग एक दिवस बसलो तर तेही येईना.

तर मानगूट धरणारा पहिला हा. टाळी. आपलीच टाळी, आपल्याच लोकांची, म्हणून ती ओळखू येत नाही. शत्रूनं शिवी दिली तर माणूस पेटून लिहितो. आपल्यांनी टाळी दिली की पुढच्या वेळी तीच टाळी मिळेल असं लिहितो, आणि त्याच्या पुढच्या वेळी काहीच लिहीत नाही. आता तर ती टाळी मोबाईलवर येते. रात्री दोन वाजता पोरगं ओळ टाकतं आणि अडीचपर्यंत अंगठे मोजत बसतं. मी हसत नाही तुम्हाला. आमच्या वेळी हे यंत्र असतं तर मी जेवलोच नसतो.

दुसरा. मला नोकरी लागली, अमरावतीला, कारकुनाची. काही वर्षं अकोला-अमरावती जाणं-येणं केलं. बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरूम, बडनेरा. ही स्टेशनं मला आजही झोपेत पाठ येतात. मग इथं खोली घेतली. घरमालकानं आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं, की दोन-तीन जातींत सापडतं. मी आडनाव सांगितलं आणि पुढचं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला नाही. पेटीत ठेवला, कपड्यांच्या खाली. तुम्ही बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचली असेल, १९६३ च्या संग्रहातली. मी ती कॉलेजात वाचून मुठी आवळल्या होत्या. आणि सात-आठ वर्षांनी मीच ती चोरी करून बसलो होतो. बागुलांच्या गोष्टीत निदान मार तरी खाल्ला जातो. मला कोणी मारलं नाही. माझं बरं चाललं होतं. हेच वाईट.

त्याच काळात मी मायवर एक गोष्ट लिहिली. जिनिंगमधली. ती एका नावाजलेल्या मासिकाला पाठवली, नाव घेत नाही. महिन्यानं परत आली. सभ्य पत्र होतं : अनुभव दाहक आहे, परंतु भाषा अशुद्ध. गोष्टीत माय म्हणते, "मी जातो." संपादकांनी त्या 'जातो'भोवती लाल गोल काढला होता. लिंगाची चूक. एक नाही, असे तेवीस गोल. मी मोजले.

तुम्ही वऱ्हाडातले आहात, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडच्या बाया 'मी जातो, मी करतो, मी येतो' असंच म्हणतात. बायकोही, आजीही. शाळेच्या पुस्तकात तेवढी बाई 'जाते'. मी काय केलं? मी सगळे 'जातो' पुसून 'जाते' केले. 'मले'चं 'मला' केलं. 'काऊन'चं 'का' केलं. आणि माझी माय त्या कागदावर पुण्याच्या शाळेतल्या बाईसारखी बोलायला लागली. सरकीच्या धुळीत उभी राहून, शुद्ध! मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं तर ती बोलेचना. बरोबरच आहे, ती कशी बोलेल? तिचं तोंडच मी कापलं होतं. तिथं हात अडला तो अडलाच. १९८१ साल होतं.

इथं एक गोष्ट मधेच सांगून घेतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं भांडण वऱ्हाडी आणि प्रमाण मराठीचं आहे. नाही. त्याच १९८१ साली कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' आलं. नागपूरच्या दलित घरातली मुलगी संस्कृत शिकली, संस्कृतची प्राध्यापिका झाली. देवांच्या भाषेपेक्षा शुद्ध काय असतं? तरी तिच्या तोंडचं संस्कृत लोकांना टोचलं. म्हणजे आपण वऱ्हाडी बोललो तर अशुद्ध, आणि संस्कृत बोललो तर आगाऊ. मग लाल पेन्सिलीचा राग भाषेवर नाही हे समजून घ्या. ती पेन्सिल हातात धरणारा माणूस माझ्या खोलीत कधी आला नाही. पण मी लिहायला बसलो की तो माझ्या खांद्यावरून वाचायचा. दुसरा तो.

एका खांद्यावर टाळी, दुसऱ्या खांद्यावर लाल पेन्सिल. मधे मी, पगारदार. अकरा वर्षं. मी सुटीला अकोल्याला गेलो की माय विचारायची, "काऊन रे, आजकाल लिहून नाही रायला?" मी म्हणायचो, ऑफिसचं काम असते. मी व्यायाम केला, पहाटे उठून पाहिलं, नवीन वही घेऊन पाहिली, मित्रानं सांगितलं म्हणून आठ दिवस दारू पिऊन पाहिलं. वहीत नुसती पहिली वाक्यं. एका वहीत चाळीस पहिली वाक्यं. दुसरं एकही नाही.

हे सुटलं ते माझ्या कर्तबगारीनं नाही. १९९२ साल. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारचा निर्णय निघाला होता, की १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून जे भूमिहीन गायरान वाहत आहेत त्यांची अतिक्रमणं नियमित करायची. ही जमीन कुणी खैरात दिली नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या मागे १९५९ ला आणि १९६४ ला लोकांनी जेल भरले होते त्याचं ते उशिरा आलेलं पीक. पण अर्ज करायचा, पुरावा द्यायचा. आणि गायरान वाहणाऱ्याकडे कागद कुठला? त्याच्याकडे दंडाच्या पावत्या असल्या तर असल्या. मी अकोल्याला गेलो की वस्तीतले, खेड्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. अर्ज लिहिताना माझा हात कधी अडला नाही, ही एक गंमत. ते लिहिणं मी लिहिण्यात धरतच नव्हतो.

एक म्हातारी आली. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. नवरा मेलेला, दोन एकर गायरान वाहत होती. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं : 'अर्जदार नम्रतापूर्वक विनंती करते की सदरहू जमीन अर्जदाराच्या वहिवाटीत असून...' पान भरलं. ती म्हणाली, वाचून दाखव. दाखवलं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "हे मी नाही बोलली, बावा. हे तू बोलला. मी सांगतो तसं लिह्य."

मी सांगतो! मला तो लाल गोल दिसला. म्हातारीच्या कपाळाएवढा. आणि मी तो पुसला नाही. लिहिलं, 'मी सांगतो'.

मी विचारलं, कोणत्या सालापासून वाहता? तिला साल माहीत नव्हतं. म्हणाली, "बुढा ज्या वर्षी बैल इकून आला त्या वर्षी आमी पह्यलं वखरलं." बैल का विकला? कुणाला विकला? पोरीच्या लग्नासाठी. मग लग्न कधी झालं, तेव्हा कोणती पोरगी पोटात होती, ती पोरगी आता केवढी? असं मोजत मोजत आम्ही साल काढलं. कोतवाल आला तेव्हा पऱ्हाटी किती उंच होती? तिनं हात धरून दाखवला, गुडघ्याच्या वर. मी लिहिलं : गुडघ्याच्या वर. कोणी उपटली? किती ओळी उपटल्या? बुढा तेव्हा कुठं उभा होता? बांधावर. काय म्हणाला? "काईच नाही म्हनला. टोपी काढून हातात धरली." मी लिहिलं : टोपी काढून हातात धरली. किती वेळ? ती म्हणाली, "थे लोक जाईपर्यंत." मग घरी आल्यावर त्यानं काय केलं? ती बराच वेळ बोलली नाही. मीही विचारलं नाही. मग बोलली, ते सातव्या पानावर आहे.

सात पानं फुलस्केप झाली. दुपारी बसलो होतो, दिवे लागले. सात पानांत एक सूर्य नाही, एक ज्वालामुखी नाही. सात पानांचा अर्ज कोणतं कार्यालय घेतं? दुसऱ्या दिवशी त्यातून एक पानाचा केला, साल-तारखांसह, आणि तो लावला. सात पानं माझ्याकडे राहिली. रात्री वाचायला घेतली. अक्षर माझं होतं. अकरा वर्षांनी मी एका बैठकीत सात पानं लिहिली होती, आणि लिहिताना मला पत्ताच नव्हता की मी लिहितो आहे. दोन्ही खांदे मोकळे होते. टाळी वाजवायला तिथं कोणी नव्हतं, आणि लाल पेन्सिलीपेक्षा म्हातारी कडक होती.

मग मला डोळे फुटले म्हणा. बाबासाहेब पुन्हा वाचायला घेतले, तर हेच त्यांनी करून ठेवलेलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. छोटी पुस्तिका आहे. त्यांच्या हयातीत छापली नव्हती, १९९० ला निघाली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला कसं सांगायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. एवढा मोठा कायदेपंडित, त्यानं व्याख्या नाही केली. त्यानं घडलेलं सांगितलं. १९०१ साल, पोरं मसूर स्टेशनवर उतरली आहेत, घ्यायला कोणी आलं नाही, स्टेशनमास्तर चौकशी करतो, जात कळल्याबरोबर त्याचा चेहरा बदलतो. मग बैलगाडीवाला, दुप्पट भाडं, आणि पोरांनीच गाडी हाकायची. कोण कुठं उभं होतं, कोण काय म्हणालं, पाणी कुठं मिळालं नाही. बस. वाचताना कुठंही ते तुमच्याकडून टाळी मागत नाहीत.

आणि अर्धवट राहिलेल्याची लाज बाळगू नका. महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड छापायला घेतले, त्यात किती मजकूर अपुरा आहे ते पाहा. प्रकरणं मधेच तुटतात, पानं सापडत नाहीत. ज्या 'रिडल्स'वरून १९८७-८८ ला एवढं रणकंदन झालं ते पुस्तकही त्यांनी हयातीत छापलेलं नाही, हस्तलिखितातून निघालं. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेचे कागद जवळ घेऊन होते. मी चाळीस पहिली वाक्यं लिहून रडत होतो, दुसरं लिहिलं नाही म्हणून. दुसरं उद्या लिहायचं, एवढी साधी गोष्ट.

पोरींनो, तुमच्यासाठी बेबीताई कांबळे. फलटणच्या. दुकान चालवायच्या. जे लिहिलं ते वर्षानुवर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं. १९८२ ला 'स्त्री' मासिकात यायला लागलं, १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. आपल्यातला कोणी म्हणेल, बाहेरच्यांनी दाबलं. बाईला लपवावं लागलं ते घरच्यांपासून. पँथरच्या घरांतही बायांच्या अशा वह्या असतील. कुठं असतील त्या? चुलीत? हे मी स्वतःला विचारतो, कारण मायला मी कधी विचारलं नाही, तुले लिहायचं होतं का.

आणि ज्याला लिहिताच येत नव्हतं त्याचंही ऐका. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. एक पुस्तक लिहिलं नाही. पण बोलताना कधी अडले? कीर्तनात ते सांगायच्या आधी विचारायचे. समोरच्याला प्रश्न, त्याचं उत्तर, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. वऱ्हाडीत. मला तर वाटतं, ज्याला पुढचा प्रश्न सुचतो त्याला पुढचं वाक्य सुचतंच. आपण कवितेला बसतो तेव्हा उत्तरं घेऊन बसतो, म्हणून दीड पानात संपतं.

तेव्हा उद्या सकाळी तुम्ही वस्तीत जाल तेव्हा कविता करायला जाऊ नका. कुणाचा तरी अर्ज लिहा. रेशनकार्डाचा, घरकुलाचा, शिष्यवृत्तीचा, काय असेल तो. त्याला कामाचा होऊ द्या. त्याच्या तोंडचं दुरुस्त करू नका. मोठा शब्द आला की थांबा आणि विचारा, तेव्हा हातात काय होतं? आणि जे होईल ते आठ दिवस सभेत वाचू नका. माझ्या ओळखीच्या एका पोरानं हे ऐकून वीस अर्ज लिहिले आणि एकही गोष्ट लिहिली नाही. त्याचं काही बिघडलं नाही. वीस लोकांची कामं लागली रांगेला.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, धाकलीवर तुम्ही मग लिहिलं का? नाही. ती जुनी दीड पानं पेटीत आहेत, फाडली नाहीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मायचा प्रश्न लिहून ठेवला आहे, तिच्या भाषेत, 'डोये' तसंच ठेवून. त्याच्या खाली जागा आहे.

आणि ती सात पानं? ती तुम्ही इथं वाचून दाखवा असा तुमचा आग्रह होता. दाखवणार नाही. मी तेव्हाच म्हातारीला विचारलं होतं, आजी, हे छापू का? ती म्हणाली, "पह्यले वावर नावावर होऊ दे. मंग छाप." अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला, मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली, पंचनामा हरवला, नवा झाला. म्हातारी २००३ ला गेली. वावर अजून नावावर नाही. यंदाही तिच्या सुनेनं तिथं पऱ्हाटी लावली आहे. सात पानं माझ्या पेटीत आहेत.